घालवायचं कसं, ते नंतर

मी कादंबऱ्या लिहितो हे चोपड्यात पुष्कळांना ठाऊक आहे, पण त्यांबद्दल मला कुणी काही विचारत नाही. विचारतात ते जास्वंदीबद्दल. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो की फाटकाची कडी वाजते. कुणाच्या हातात पिशवीत गुंडाळलेली गोडनिंबाची कुरतडलेली फांदी असते, कुणाच्या मोबाइलमध्ये फोटो असतो, आणि एक आजोबा तर काडेपेटीत अळी घालून आणतात. बँकेत होतो तेव्हा कर्ज कसं मिळेल हे विचारायला माणसं यायची, आता अळी कशी जाईल हे विचारायला येतात. मी शेतकी पदवीधर नाही की पक्षितज्ज्ञ नाही. मागच्या परसात एक निंब, एक शेवगा, दोन लिंबं, गोडनिंब, जास्वंदी, मोगऱ्याची रांग आणि तीस वर्षांत केलेल्या चुका एवढंच माझं भांडवल.

प्रश्न तऱ्हेतऱ्हेचे असतात, शेपूट मात्र एकच: "...घालवायचं कसं?" मुंग्या घालवायच्या कशा, पाली घालवायच्या कशा, गांधीलमाशी, पिंगळा, साप, झाडाखालचा पाचोळा, आणि हल्ली हल्ली तर झाडच घालवायचं कसं? बँकेत अर्ज आला की आधी अर्जदार कोण ते पाहायचं आणि मग रक्कम, असा शिरस्ता होता. परसात आपण उलटं करतो. फवारा आधी मारतो आणि कुणावर मारला ते नंतर विचारतो.

परवाचंच घ्या. शेजारच्या वहिनी आल्या. "भाऊ, गोडनिंबाचा पार खराटा झाला हो. दुकानदाराने हे औषध दिलंय, मारू का?" जाऊन पाहिलं. पानांवर पाखराच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे ठिपके होते आणि दोन-चार जाड हिरव्या अळ्या निवांत चरत होत्या. एकीला काडीने डिवचलं तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. वहिनी दोन पावलं मागे सरकल्या. हे लिंबावरचं फुलपाखरू. ते ठिपके म्हणजे विष्ठा नव्हे, याच अळीचं बालपण! पाखरांनी आपल्याला विष्ठा समजून सोडून द्यावं म्हणून तिने घेतलेलं ते सोंग आहे. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. शिंगं आणि वास हे तिचं शेवटचं शस्त्र, तेही मुंग्या-पाखरांसाठी. माणसाला त्याने काही होत नाही. गोडनिंब, लिंबू आणि बेल ही एकाच कुळातली झाडं, म्हणून ही अळी तिन्हींवर सापडते.

झाड आपल्या डोक्याहून उंच असेल तर काहीच करू नका. गोडनिंबाला खालून नवी पालवी लागलीच फुटते, एरवी आपण छाटतोच ना त्याला? रोप वीतभर असेल तर मात्र अळ्या पानासकट उचला आणि मोठ्या झाडावर सोडा. आणि फवारा मारण्यापूर्वी एवढं आठवा की हीच पाने उद्या कढीच्या फोडणीत पडणार आहेत. वहिनींना हा शेवटचा मुद्दा तेवढा पटला. त्यांच्या नातवाने एक अळी बरणीत ठेवली, रोज ताजी पानं घातली. तिचा कोष झाला, आणि पुढे आठ-दहा दिवसांनी एका सकाळी तो शाळा बुडवून बरणीसमोर बसला. आता त्या घरातून अळ्यांची तक्रार येत नाही. शाळेतून आली असेल.

जास्वंदीच्या पांढऱ्या कापसाची गोष्ट जरा निराळी आहे. तो पिठ्या ढेकूण, आणि तो खरोखरच रस पिऊन झाड वाकडं करतो. इथे काही करावंच लागतं. पण आधी खोडावरून वर जाणारी मुंग्यांची रांग पाहा. ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, गुराख्यासारखं त्याला या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. मुंग्यांची ये-जा थांबवली की अर्धं काम झालं. उरलेल्यासाठी जुना दात घासायचा ब्रश आणि साबणाचं पाणी. फार झालं असेल तर फांद्या छाटून जाळा आणि निंबोळी अर्क मारा. पन्नास ग्रॅम निंबोळीचा भुगा फडक्यात बांधून रात्रभर लिटरभर पाण्यात ठेवायचा, सकाळी पिळून गाळायचा, चिमूटभर साबण घालायचा आणि उन्हं उतरल्यावर फवारायचा. निंबोळ्या ज्येष्ठात आपल्या अंगणात पडतात आणि आपण त्या झाडून कचऱ्यात टाकतो, मग श्रावणात बाटली विकत आणतो!

याच ढेकणाच्या एका परक्या भावाने २००८ मध्ये दक्षिणेत पपईच्या बागांवर धाड घातली आणि दोन-एक वर्षांत तो महाराष्ट्रातही पोचला. पपई, जास्वंद, तुती, शेवगा, त्याला काहीच वर्ज्य नव्हतं. औषधं मारून शेतकरी थकले. शेवटी २०१० मध्ये पोर्टो रिको बेटावरून टाचणीच्या डोक्याहूनही लहान अशा गांधीलमाश्या बंगळूरच्या प्रयोगशाळेत आणल्या, वाढवल्या आणि बागांत सोडल्या. ती माशी ढेकणाच्या अंगात अंडं घालते, आणि पिल्लू ढेकणाला आतून खाऊन बाहेर येतं. थोड्याच काळात पपईची ती साथ आटोक्यात आली. ज्यांनी त्या दिवसांत जहाल औषधांचा मारा चालूच ठेवला, त्यांच्याकडे आधी माश्या मेल्या आणि ढेकूण राहिले. खानदेशात पपई पिकवणाऱ्यांना हे मी काय सांगावं! पण कुंडीवाल्यांना सांगावं लागतं.

मोगऱ्याचं विचारणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. थंडी सरताना त्याला ताण द्या, पाणी तोडा, पानं काढून हलकी छाटणी करा, मग शेणखत घालून पाणी सोडा. वर्षभर लाडाने पाणी घातलेला मोगरा पानंच देतो. आणि मे महिन्यात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा, पाणी दोनदा घालण्यापेक्षा झाडाच्या बुडाशी चार बोटं पाचोळा पसरा. दुपारी पाचोळ्याखाली हात घालून पाहा आणि मग उघड्या मातीवर ठेवून पाहा. पुढचं मला सांगावं लागणार नाही.

"पण भाऊ, पाचोळ्यात साप येतो."

हा खरा प्रश्न आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यामुळे 'साप शेतकऱ्याचा मित्र' एवढं म्हणून मी मोकळा होत नाही. घरात रांगतं मूल असेल त्या आईला मित्र वगैरे सांगू नये.

काही वर्षांपूर्वी आषाढात आमच्या गल्लीत पोरगा ओरडत आला, "भाऊ, आठे साप शे!" विटांच्या ढिगात सहा-सात फुटांचं लांबलचक धूड होतं, भोवती काठ्या घेतलेली माणसं आणि एकच घोष, "मारी टाका, मारी टाका." तो धामण होता. मोठे गोल डोळे, ओठांवर काळ्या रेघा, आणि माणसं दिसताच पळायची घाई. मी ढिगापुढे उभा राहिलो, त्यात शौर्य काही नव्हतं, बँकेतल्या मार्चअखेरीत याहून मोठा जमाव पाहिला होता. पाव तासाने धामण मोरीच्या वाटेने निघून गेला. लोक माझ्यावर नाराज होऊन पांगले. धामण म्हशीचे पाय बांधून दूध पितो, शेपटीचा फटका मारला की अंग सडतं, असं आपल्याकडे सांगतात. त्याला विष नाही, तो उंदरांवर जगतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. दूध कोणताच साप आवडीने पीत नाही.

पण धामण ओळखता येतो म्हणून प्रत्येकाने जवळ जाऊन ओठ पाहायचे नाहीत. दहा फूट लांब उभं राहा, मुलं-कुत्री आत घ्या, एकाने नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाला बोलवा. लसूण, फिनेल, कार्बोलिक यांवर पैसे घालवू नका. साप उंदरांमागे येतो, उंदीर उघड्या धान्यामागे आणि उष्ट्याखरकट्यामागे. विटांचा, लाकडांचा ढीग भिंतीपासून दूर ठेवा, मोरीला जाळी बसवा, पाचोळा झाडाच्या बुडाशी ठेवा आणि दारापाशी ठेवू नका.

मण्यारीबद्दल मात्र निक्षून सांगतो. ती रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्याला तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. फार दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, जीभ बोबडी वळते. उन्हाळ्यात अंगणात, खळ्यात, मळ्यात जमिनीवर अंथरूण टाकायची आपली रीत. खाट घ्या, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. रात्री उठलात तर आधी बॅटरी लावा, मग पाय खाली टाका. दंश झालाच तर दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे अर्धा तासही घालवू नका. हात-पाय हलू न देता माणसाला सरळ सरकारी रुग्णालयात न्या. तिथलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं, तेव्हा डॉक्टरांना दाखवायला साप मारून न्यायची गरज नाही. त्या मारामारीत दुसऱ्याला दंश झाल्याचं मी पाहिलं आहे.

आता चिमणीचं. "आमच्याकडे चिमण्या का येत नाहीत?" हा एकच प्रश्न असा की ज्यात कुणाला घालवायचं नसतं. धाब्याची घरं गेली, मातीच्या भिंतीतली भोकं, सऱ्यांच्या खोबणी गेल्या. सपाट स्लॅबखाली ती राहणार कुठे? नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी हा विषय हाती घेतला, आणि २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. लाकडी खोका लावायचा तर भोक सव्वा ते दीड इंचाचं ठेवा, मोठं ठेवलंत तर साळुंकी राहायला येईल. सावलीत, मांजर पोचणार नाही असा बांधा. पण बाजरी टाकून काम भागत नाही. चिमणी दाणे खाते हे खरं, तरी पिल्लांना ती अळ्या भरवते. गोडनिंबावर फवारा मारायचा आणि खोका टांगायचा, हे एका घरात जमत नाही.

शाळकरी मुलांचा आवडता प्रश्न निराळाच आहे: "काका, तारेवर बसतो तो रानपिंगळा का?" या प्रश्नाचा मला फार अभिमान वाटतो, कारण तो पक्षी खानदेशाने जगाला परत दिला. १८८० च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो खात्रीने कुणाला दिसलाच नाही. पुढे मायनर्ट्झहागन नावाच्या एका नामांकित ब्रिटिश पक्षिसंग्राहकाने १९१४ मध्ये तो गुजरातेत मिळाल्याचं दाखवलं, आणि लोक भलत्याच ठिकाणी शोधत बसले. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तर तो डेव्हिडसनचाच निघाला, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला! बँकेत याला आम्ही खोटी नोंद म्हणत असू आणि असल्या एका नोंदीपायी वर्षांची वर्षं वाया जाताना पाहिली आहेत. चुकीचं गाव खोडलं तेव्हा खरी गावं उरली, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी. नंतर तो तोरणमाळ, मेळघाट आणि आपल्या यावल अभयारण्यातही आढळला. चोपड्याच्या उत्तरेला निळी रेघ दिसते ना सातपुड्याची, तिथे.

पण मुलांनो, तारेवरचा तो नव्हे. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके पाहा. तो साधा पिंगळा. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, आणि तो सागाच्या रानात दिवसाउजेडी बसलेला असतो. साध्या पिंगळ्याने रात्री चिरचिर केली की आजी म्हणते, "अपशकुन झाला." त्याला माझं उत्तर ऐकायचं असेल तर जरा वेळ बसावं लागेल.

आमच्या मागे एक पडका वाडा आहे. त्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी राहायची. पांढराशुभ्र बदामासारखा चेहरा, पंखांचा आवाज नाही, आणि मध्येच घसा खरवडल्यासारखी किंकाळी. तिन्हीसांजेला त्यांतलं एक आमच्या निंबावर येऊन बसे. निंबाखाली काळ्या गोळ्या पडत. एक पाण्यात भिजवून सोडवली तर केसांच्या लगद्यात उंदरांच्या तीन कवट्या निघाल्या. गिळलेल्या भक्ष्याची हाडं-केस ते असे गोळीने टाकून देतात. एका रात्रीचा हिशेब मी असा वहीत मांडून ठेवला होता. तो वाचून मला वाटलं होतं, आपल्याला परसातलं सगळं कळतं.

२०१४ च्या पावसाळ्यात घरात उंदीर फार झाले. कपाटातल्या जुन्या हस्तलिखिताची पन्नास पानं त्यांनी कातरली. सौ. म्हणाली, "पिंजरा आणा." मी म्हटलं, पिंजऱ्याने किती दिवस लागतील? बाजारातून वड्या आणल्या. त्या खाऊन उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठायचं थांबतं, तीन-चार दिवस तो आतल्या आत रक्तस्राव होत फिरतो, शेवटी भरउजेडात, उघड्यावर झिंगत चालतो. वेष्टनावर बारीक अक्षरांत इशारे होते. चाळीस वर्षं इतरांची बारीक अक्षरं वाचलेल्या माणसाने ती वाचली नाहीत.

सातव्या की आठव्या दिवशी सौ.ने हाक मारली. मोगऱ्याच्या रांगेत घुबड पंख पसरून पडलं होतं. चोचीशी रक्त होतं. मी ते टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चोच उघडून पाहिली आणि विचारलं, "उंदरांना काही टाकलं होतं का?" यावर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन असतं, ते दिलं, पण उशीर झाला होता. दुसरं घुबड त्यानंतर दिसलंच नाही. माळ्यावर पिल्लं आहेत हे मला त्या रात्री कळलं. भुकेली पिल्लं फुसफुसतात, कुणी घोरत असल्यासारखी. चार रात्री तो आवाज ऐकू आला. वाड्याला कुलूप, मालक पुण्याला, जिना कोसळलेला. वनविभागाला फोन करायचं मला तिसऱ्या दिवशी सुचलं, ती माणसं शिडी घेऊन आली तोवर वर आवाज नव्हता.

गल्लीतल्या दोघी-तिघी म्हणाल्या, बरं झालं, अपशकुनी पाखरू गेलं. मी काही बोललो नाही. बोलायला तोंडच नव्हतं.

म्हणून उंदरांचं विचारायला येतात त्यांना मी सांगतो: आधी धान्याला झाकणाचे डबे, मोरीला जाळी, भिंतीतल्या भोकाला काचेचे तुकडे आणि सिमेंट, मग पिंजरा. सापळाही चालेल, तो एकाच वेळी एकालाच मारतो आणि तिथेच थांबतो. वडी नको.

या चैत्रात समोरचे आप्पा आले. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे, त्यात निंब आडवा येतो, शिवाय त्यावर पिंगळा ओरडतो, सुनेचे दिवस भरत आलेत. "भाऊ, झाड काढायचं कसं?" मी आधी कायद्याचं सांगितलं. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे शहरात आपल्या अंगणातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, अर्ज नगरपालिकेत. त्याने आप्पा फारसे हलले नाहीत, अर्ज कसा पुढे सरकवायचा ते त्यांना माझ्याहून चांगलं कळतं. मग घुबडाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. चहा झाला. जाता जाता म्हणाले, "पिल्लं चार दिवस होती?" मी म्हटलं, "चार रात्री."

आठवड्याने कारागीर आले. निंब उभा आहे. बुंध्याभोवती किती जागा मोकळी सोडायची ते विचारायला आप्पांनी मुलाला पाठवलं. मी म्हटलं, चारी बाजूंना निदान तीन फूट, आणि बुंध्याशी सिमेंट अजिबात नको, नाहीतर पाणीही मुरत नाही आणि मुळं गुदमरतात. त्यांनी दोन फूट सोडली आहे. पुढल्या रविवारी जाऊन एक ओळ ब्लॉक उचलायला सांगणार आहे. सुनेला मुलगी झाली. पिंगळा अजून ओरडतो.